सेकंड-हँड रिमोट सेट: इंदूरमधली एक खरेदी आणि तिची तपासणी

इंदूरमध्ये मॉडेल विमानांचं जुनं सामान विकायला निघतं ते मे-जूनमध्ये. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट जमा करतात, भंवरकुवा आणि खंडवा रोडकडच्या खोल्या रिकाम्या करतात आणि कपाटावर पडून असलेलं विमान, रिमोट, बॅटऱ्या असं सगळं एका खोक्यात भरून एकच आकडा सांगतात. या वेळचं खोकं असं होतं: सहा चॅनेलचा फ्लायस्काय एफएस-आय६ ट्रान्समीटर (हातातला रिमोट), त्याचे हुकूम विमानात घेणारा एफएस-आयए६बी रिसीव्हर, १००० केव्हीची ए२२१२ मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो (विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), तीन सेलच्या २२०० एमएएचच्या दोन लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या, बी६ पद्धतीचा चार्जर आणि पंखाला चीर गेलेलं फोमचं विमान. मागणी ८,५०० रुपये.

हेच सामान नवं घ्यायचं तर साधारण किती पडतं, ते निघण्याआधीच कागदावर मांडलं. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर मिळून ५,००० च्या आसपास, मोटर ४५०, ईएससी ४५०, चार सर्व्हो ५२०, एक लिपो १,७००, चार्जर १,९००, ट्रान्समीटरसाठी चांगले रिचार्जेबल सेल ८००. एकूण १०,८२०. दुकानागणिक शंभर-दोनशेचा फरक पडतो, पण हा कागद खिशात नसेल तर जुन्या सामानाच्या भावावर बोलताच येत नाही. आणि बोलणं एकेका वस्तूवर करायचं, खोक्यावर नाही. खोक्यातल्या काही वस्तू जुन्या घेतल्या तरी चालतात, काही चाचणीत उतरल्या तरच घ्यायच्या आणि दोन वस्तू फुकट मिळाल्या तरी विमानात लावायच्या नाहीत.

फोनवर तीनच गोष्टी विचारल्या. रिसीव्हरच्या लेबलवर नेमकं काय लिहिलंय? बॅटऱ्या ठेवताना किती चार्ज करून ठेवल्या होत्या? ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी जुळवायला लागतो तो बाइंड प्लग आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोटोत मागायचं, तोंडी नको.

कारण २.४ गिगाहर्ट्झ असं छापलेलं असलं की कुठलाही ट्रान्समीटर कुठल्याही रिसीव्हरशी जुळतो, हा समज या छंदात सगळ्यात महाग पडतो. २.४ हा फक्त पट्टा आहे. त्या पट्ट्यावर कोणत्या भाषेत बोलायचं ते प्रत्येक कंपनीने आपलं आपलं ठरवलंय. फ्लायस्कायचा जुना एएफएचडीएस वेगळा आणि नंतरचा एएफएचडीएस २ए वेगळा. फुताबाचे फास्ट, एस-एफएचएसएस, टी-एफएचएसएस एकमेकांशी बोलत नाहीत. स्पेक्ट्रमचे डीएसएम२ आणि डीएसएमएक्स, फ्रस्कायचे डी८ आणि डी१६, शिवाय आता सगळीकडे दिसणारं एक्स्प्रेसएलआरएस. एफएस-आय६ मध्ये सोय अशी की सिस्टीम मेनूतल्या आरएक्स सेटअपमध्ये जाऊन २ए बंद केलं की जुन्या एएफएचडीएसचे आर६बीसारखे रिसीव्हरही चालतात. पण उलट होत नाही. जुना सीटी६बी ट्रान्समीटर आयए६बी रिसीव्हरशी कधीच जुळणार नाही. सीटी६बीला स्क्रीनही नाही, रिव्हर्स (हालचालीची दिशा उलटी करणं) आणि मिक्सिंग (दोन चॅनेल एकत्र हलवणं) बदलायला कॉम्प्युटर आणि केबल लागते. मैदानावर उलटं चालणारं एलेरॉन (पंखावरची हलती झडप) सरळ करायला लॅपटॉप उघडावा लागणार असेल तर तो सेट स्वस्तातही घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

रेडिओमास्टरचे ट्रान्समीटर जुने घेताना आणखी एक खाच आहे. टीएक्स१६एस किंवा बॉक्सर बाहेरून सारखाच दिसतो, पण आत फोर-इन-वन मॉड्यूल आहे की एक्स्प्रेसएलआरएसचं, यावर सगळं अवलंबून. फोर-इन-वन फ्लायस्काय, फ्रस्काय, स्पेक्ट्रम असे बरेच प्रोटोकॉल बोलतं, म्हणजे घरात आधीच पडलेले रिसीव्हर कामी येतात. एक्स्प्रेसएलआरएसवाला फक्त आपलीच भाषा बोलतो, मात्र तिचा पल्ला आणि वेग फार चांगला. विकणाऱ्याला मॉडेल सेटअपचं पान उघडून इंटर्नल आरएफसमोर काय येतं त्याचा फोटो पाठवायला सांगावं. शिवाय एक्स्प्रेसएलआरएसमध्ये ट्रान्समीटर आणि रिसीव्हरच्या फर्मवेअरचा मुख्य क्रमांक एकच लागतो. एकात २ आणि दुसऱ्यात ३ असेल तर बाइंड होत नाही आणि चांगला रिसीव्हर मेला म्हणून लोक टाकून देतात. फर्मवेअर बदललं की तोच रिसीव्हर चालू होतो.

जुन्या हौशी लोकांकडून कधी कधी लांब टेलिस्कोपिक अँटेनाचा, एकच फ्रीक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल बसवलेला मेगाहर्ट्झवाला सेट येतो. बांधणी देखणी असते, स्टिक लोण्यासारख्या चालतात. पण त्याच क्रिस्टलचा दुसरा सेट जवळपास कुणी चालू केला तर विमान हातातून गेलंच. शोकेससाठी घ्या, उडवायला नको. आपल्याकडे २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो, म्हणून घेताना हाच पट्टा धरावा. ९१५ मेगाहर्ट्झचं लांब पल्ल्याचं मॉड्यूल स्वस्तात मिळालं तरी नको, आपल्याकडे तो पट्टा मोकळा नाही. मोकळा आहे तो ८६५ ते ८६८ चा.

तपासायला जाताना सोबत घेतलं ते असं: नवे कोरे चार पेन्सिल सेल, आपली खात्रीची एक तीन सेलची लिपो, खात्रीचा एक सर्व्हो, सर्व्हो टेस्टर, लिपोचा सेल चेकर, मल्टिमीटर, बारीक स्क्रूड्रायव्हर, बाइंड प्लग, आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि इअरबड. विकणाऱ्याच्या बॅटरीवर काहीही तपासू नये. सामान चाललं नाही तर दोष सामानाचा की बॅटरीचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

विकणारा मुलगा मराठी घरातला होता. खोकं उघडता उघडता म्हणाला, "काका, सगळं चालू आहे, लावून दाखवतो." त्याला म्हटलं, "लावण्याआधी विमानाचा पंखा काढ." हे कधीही चुकवायचं नाही. दहा इंची प्रॉपेलर लावलेली मोटर खोलीत अचानक फिरली तर बोटं जातात.

सुरुवात ट्रान्समीटरच्या सेलच्या कप्प्यापासून. महिनोन् महिने आत राहिलेले सेल गळतात आणि स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा क्षार धरतो. इथेही दोन स्प्रिंगांवर होता. नुसता वरवर असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या इअरबडने निघतो, मग अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. स्प्रिंग काळी पडून बारीक झाली असेल, किंवा क्षार आतल्या तारेपर्यंत चढला असेल, तर मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. उडताना धक्क्याने सेलचा संपर्क क्षणभर तुटला तरी ट्रान्समीटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि तेवढ्यात विमान जमिनीवर असतं. म्हणून साफ केल्यावर नवे सेल घातले, सेट चालू करून तळहातावर दहा-बारा वेळा चांगला थोपटला. स्क्रीन एकदाही लुकलुकली नाही.

चालू करताना सगळे स्विच वर आणि थ्रॉटल खाली नसेल तर एफएस-आय६ इशारा देऊन अडून बसतो. तो बिघाड नाही, ती सुरक्षा आहे. पण सगळं जागेवर असूनही इशारा जात नसेल तर एखादा स्विच आतून तुटलाय असं समजावं.

यानंतर विकणाऱ्याचं मॉडेल (ट्रान्समीटरमध्ये साठवलेल्या एका विमानाच्या जुळवण्या) तसंच ठेवून तपासू नये. त्यात त्याचे ट्रिम, सबट्रिम, मिक्सिंग भरलेले असतात आणि खरा दोष त्यांच्या आड लपतो. या सेटमध्ये वीस मॉडेलची जागा आहे. एक मोकळी जागा निवडून मॉडेल रिसेट केलं, मग फंक्शन्समधलं डिस्प्लेचं पान उघडलं. इथे प्रत्येक चॅनेलची पट्टी दिसते. स्टिक सोडल्यावर पट्टी बरोबर मध्यावर येते का? वेगवेगळ्या बाजूंनी सोडून बघायचं. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिक अगदी सावकाश न्यायची, दहा सेकंद लागले पाहिजेत इतकी सावकाश. पट्टी सरकत जाण्याऐवजी कुठे उडी मारली किंवा जागच्या जागी थरथरली, तर तिथे गिंबलमधला (स्टिकच्या सांध्यातला) जागा मोजणारा पोटेन्शिओमीटर झिजलाय किंवा त्यात धूळ गेलीय.

माळव्यात हा दोष जास्त दिसतो, त्याला कारण आपली काळी माती. उन्हाळ्यात ती पिठासारखी बारीक होते, आणि शेतातच ट्रान्समीटर खाली ठेवायची सवय असेल तर स्टिकच्या फटीतून आत जाते. या सेटमध्ये एलेरॉनची पट्टी मध्याजवळ थरथरत होती. मागचं झाकण काढून पोटेन्शिओमीटरच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला आणि स्टिक पन्नासेक वेळा हलवली की धुळीचा दोष बहुधा जातो, झिजेचा जात नाही. जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हा क्लीनर मिळतो. दारातल्या बिजागरीला मारतो तो तेलकट स्प्रे इथे वापरू नये, त्यावर पुढची धूळ आणखी चिकटते. फवाऱ्यानंतर थरथर थांबली. थांबली नसती तर किंमत निम्म्यावर आली असती, कारण सुटं गिंबल शोधून बसवणं हे सोल्डरिंगचं काम आहे. महागड्या सेटमध्ये हॉल सेन्सरचे गिंबल असतात, त्यात घासणारा भागच नसल्याने ही कटकट नाही.

दोन पोझिशनचे तीन आणि तीन पोझिशनचा एक असे चार स्विच, शिवाय दोन गोल नॉब. ऑक्स म्हणजे जादा चॅनेलवर आळीपाळीने नेमून पट्टी हलते का पाहिलं. थ्रॉटलची स्टिक डावीकडे म्हणजे मोड २, उजवीकडे म्हणजे मोड १. मेनूतून मोड बदलला तरी स्प्रिंग आणि पट्टी आतून हलवावी लागते, म्हणून आपला मोड आहे तोच सेट घ्यावा. मागच्या झाकणाच्या स्क्रूंची तोंडं झिजलेली दिसली तर सेट कुणीतरी आधी उघडलेला आहे. का उघडला, ते विचारावं. आणि सेट कानाशी धरून हलवावा, आत सुटा स्क्रू असेल तर वाजतो.

मग बाइंड. प्रोजेक्टचा सेट आधीच बाइंड केलेला असतो, तरीही पुन्हा करून बघायचं, कारण तो रिसीव्हर खरंच याच ट्रान्समीटरचा आहे याची खात्री त्याशिवाय होत नाही. आयए६बीच्या बी/व्हीसीसी लिहिलेल्या खणात बाइंड प्लग घातला, दुसऱ्या एका खणातून ५ व्होल्ट दिले, रिसीव्हरचा दिवा भराभर लुकलुकू लागला. ट्रान्समीटरचं बाइंड बटण दाबून धरून चालू केलं. जुळल्याचं दिसल्यावर प्लग काढून दोन्ही बंद करून पुन्हा चालू केले, दिवा स्थिर लागला. आता खात्रीचा सर्व्हो एकामागोमाग एक सहाही चॅनेलमध्ये घातला, प्रत्येक वेळी प्लग हलकेच डोलवला. तिसऱ्या खणात विमान पडताना पिना वाकलेल्या असतात असं पुष्कळदा दिसतं, कारण ईएससीची वायर तिथेच ओढली जाते. सर्व्होचा प्लग उलटा घातला तर सर्व्हो चालत नाही इतकंच. तपकिरी किंवा काळी वायर निगेटिव्ह, मधली लाल पॉझिटिव्ह, नारिंगी किंवा पांढरी सिग्नल.

रिसीव्हरच्या दोन अँटेना नीट बघाव्यात. टोकाचा साधारण ३१ मिलिमीटरचा उघडा भाग हीच खरी अँटेना, बाकीची जाड वायर नुसती वाहून नेणारी. ते टोक कापलं गेलं असेल किंवा जाड वायरला चिमटा बसून जाळी बाहेर आली असेल, तर रिसीव्हर खोलीत झकास चालतो आणि शंभर मीटरवर हात सोडतो. विमानात बसवताना दोन्ही टोकं एकमेकांशी काटकोनात, बॅटरी आणि कार्बनच्या दांड्यापासून लांब.

खोलीत सगळं झाल्यावर मुलाला गाडीवर बसवून तेजाजी नगरच्या पुढे नेलं. गव्हाची कापणी होऊन शेतं मोकळी होती, मालकाला विचारून बांधाजवळ उभे राहिलो. खोलीत फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरने काय करायचं ती सोय) आणि पल्ला तपासताच येत नाही. दहा फुटांवर प्रत्येक सेट चांगलाच असतो.

आधी फेलसेफ. आरएक्स सेटअपमध्ये फेलसेफ, चॅनेल ३, ऑन. थ्रॉटलची स्टिक पूर्ण खाली धरून कॅन्सल बटण दाबून ठेवलं की ती जागा साठवली जाते. मग पंखा काढलेल्या अवस्थेत मोटर अर्ध्या थ्रॉटलवर फिरवली आणि ट्रान्समीटर सरळ बंद केला. मोटर लगेच थांबली पाहिजे. या सेटमध्ये आधी फेलसेफ कधी ठेवलाच नव्हता, ठेवल्यावर तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा थांबली. सिग्नल गेलेलं विमान पूर्ण थ्रॉटलवर माणसांच्या दिशेने जाऊ शकतं. ही चाचणी नापास झालेला सेट कितीही स्वस्त असो, परत करावा.

पल्ल्यासाठी काही सेटमध्ये शक्ती कमी करून तपासायची सोय असते. फुताबा आणि स्पेक्ट्रममध्ये त्या अवस्थेत तीसेक पावलांवर नियंत्रण पक्कं राहिलं पाहिजे. तशी सोय नसेल तर विमान जमिनीपासून कमरेइतकं वर, लाकडी स्टुलावर ठेवायचं. नुसतं जमिनीवर ठेवलं तर जमीन सिग्नल खाते आणि पल्ला उगाच कमी दिसतो. एकाने विमानाजवळ थांबून सर्व्होकडे बघत राहायचं, दुसऱ्याने ट्रान्समीटर घेऊन चालत जायचं आणि ठरलेल्या लयीत एलेरॉन हलवत राहायचं. दोनशे पावलांवर जाऊन पाठ फिरवून उभं राहिलं, म्हणजे आपलं शरीर मध्ये आलं, तरी सर्व्हो अडखळले नाहीत. तेच मोटर फिरत असताना पुन्हा केलं. मोटर बंद असताना पल्ला चांगला आणि चालू केल्यावर कमी होत असेल तर दोष रिसीव्हरचा नसून बहुधा वीजपुरवठ्याचा असतो.

आणि तो वीजपुरवठा म्हणजे ईएससीमधला बीईसी. ३० अँपिअर हा आकडा मोटरचा आहे, सर्व्होचा नाही. स्वस्त ईएससीमध्ये सर्व्हो आणि रिसीव्हरसाठी ५ व्होल्ट, २ अँपिअरचा लिनिअर बीईसी असतो. तो जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून पाच करताना सात व्होल्ट उरतात, आणि एक अँपिअर वाहत असेल तर सात वॅट उष्णता त्या टिचभर तुकड्यात निर्माण होते. चारही सर्व्हो एकदम जोर लावू लागले, त्यात एक अडकलेला असला, की बीईसी तापून बंद पडतो, रिसीव्हर बंद होतो आणि लोक म्हणतात रेडिओ गेला. म्हणून चारही सर्व्हो जोडून, दोन्ही स्टिक एक मिनिट गरागरा फिरवत रिसीव्हरच्या मोकळ्या खणावर मल्टिमीटर धरला. ४.९ च्या आसपास राहिलं. ४.६ च्या खाली घसरलं असतं तर ईएससी नाकारला असता.

मोटरला केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. भार नसताना एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे, तो आकडा. १००० केव्हीला तीन सेलवर १० बाय ४.५ चा पंखा जमतो, २२०० केव्हीला तोच लावला तर मोटर आणि ईएससी दोन्ही जळतात. त्यामुळे मोटरवरचा आकडा पुसला गेला असेल तर ती अंदाजाने घेऊ नये. हाताने फिरवून बेअरिंग खरखरतंय का, शाफ्ट डोलतोय का ते बघितलं. मल्टिमीटरचं एक टोक मोटरच्या बॉडीला आणि दुसरं तीन वायरींपैकी कुठल्याही एकीला लावलं, बीप वाजायला नको. वाजला तर मोटर बसवताना जास्त लांब एम३ स्क्रू आत जाऊन वाइंडिंगला टेकलाय. कॉलेजच्या मोटरींमध्ये हे फार होतं. कचरत, थरथरत सुरू होणारी मोटर बहुतेक वेळा चांगलीच असते, तीनपैकी एका बुलेट कनेक्टरचं सोल्डर कच्चं असतं. इथे तेच होतं, पुन्हा सोल्डर केल्यावर सरळ फिरली. उलटी फिरत असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या, एवढंच.

सर्व्हो जुने घ्यायचेच नाहीत. त्यांचे प्लास्टिकचे दात इतके बारीक असतात की विमान एकदा पडल्यावर एखादा दात अर्धवट तुटलेला राहतो. टेस्टरवर तो चालतो, हवेत जोर पडला की घसरतो. चारपैकी दोनमध्ये काळी माती करकरत होती, एक मध्यावर स्थिर राहत नव्हता. चौथा चांगला वाटला, तो घरात टेस्टिंगसाठी ठेवला. नवे घेताना मेटल गिअरचे एमजी९०एस म्हणून दाखवले जातात. एका दुकानात "भिया, ओरिजिनल मेटल गियर है" म्हणून दिलेला सर्व्हो तिथल्याच काट्यावर ठेवला तर नऊ ग्रॅम भरला. खरा एमजी९०एस १३.४ ग्रॅमचा असतो. खालचे चार स्क्रू काढून वरची टोपी उचलली की दात दिसतातच, पण वजन हा सगळ्यात झटपट मार्ग. या फोमच्या विमानाला नऊ ग्रॅमचे प्लास्टिकवाले पुरतात, तेच घेतले.

आता लिपो. एका बॅटरीचे सेल ३.८२, ३.८१, ३.८० निघाले. आकडे उत्तम, पण पोट फुगलेलं होतं. दुसरीचे ३.७१, ३.७० आणि २.६०. मुलाने सांगितलं की पहिली पूर्ण चार्ज करून पेटीत ठेवली होती आणि अलीकडेच थोडी वापरली. पूर्ण चार्ज म्हणजे सेलमागे ४.२ व्होल्ट, त्यात इंदूरचा चाळिशीपार जाणारा मे, आणि पत्र्याची पेटी. अशा अवस्थेत आत वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. ठेवायची असेल तर सेलमागे ३.८ ते ३.८५ वर ठेवावी लागते. दुसरीचा एक सेल ३ च्या खाली गेलेला, तो पुन्हा चार्ज करणं धोक्याचं. दोन्हींचा भाव शून्य धरला. जुनी लिपो कितीही नीट दिसली तरी तिला किती वेळा पिळलंय ते बाहेरून कळत नाही. इंटर्नल रेझिस्टन्स मोजणारा चार्जर असेल तर २२०० एमएएचच्या निरोगी सेलला एक आकडी मिलिओहम दिसतात, वीसच्या वर गेलेला सेल थ्रॉटल दिल्याबरोबर खाली बसतो.

चार्जरला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो आणि तोच खोक्यात नव्हता. सांगितल्यावर मुलाने राउटरचा दिला, १ अँपिअरचा. चालणार नाही. ५ अँपिअरचा हवा. मग आपल्या खात्रीच्या बॅटरीवर बॅलन्स चार्ज (सगळे सेल सारखे भरणारं) लावलं, २.२ अँपिअर, आणि शेवटी प्रत्येक सेल मल्टिमीटरने मोजला. चार्जर ४.२० दाखवत होता, मीटर ४.१९. इतका फरक चालतो. मीटर ४.२५ दाखवत असता तर तो चार्जर घरात आग लावू शकतो.

हिशेब असा बसला. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ३,०००, मोटर आणि ईएससी ५००, चार्जर अडॅप्टरशिवाय ७००. म्हणजे ४,२००. मुलाला एकेक चाचणी दाखवलेली होती, त्यामुळे घासाघीस करावी लागली नाही. फोमच्या सांगाड्याचे ३०० धरून ४,५०० वर देवाणघेवाण झाली. त्यावर एक नवी लिपो १,७००, चार सर्व्हो ५२०, चार निकेल-मेटल हायड्राइड सेल ८००. एकूण ७,५२०. अडॅप्टर घरातला वापरला, नव्या चार्जरलाही तो लागलाच असता. नव्याच्या मानाने ३,३०० वाचले. मागितले तेवढे ८,५०० दिले असते तर बॅटरी, सर्व्हो आणि सेल धरून ११,५२० पडले असते, म्हणजे नव्यापेक्षा ७०० जास्त.

पहिलाच सेट घेणाऱ्याला मात्र मी वेगळं सांगेन. मल्टिमीटर, सर्व्हो टेस्टर आणि खात्रीची बॅटरी यांतलं काहीच घरात नसेल तर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर नवा घ्या, मोटर आणि ईएससी जुने चालतील. पुढे दोन-तीन विमानं करायचा विचार असेल तर एफएस-आय६ पेक्षा थोडे जास्त पैसे घालून एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा, एक्स्प्रेसएलआरएसचा लहान सेट घ्यावा, रेडिओमास्टर पॉकेटसारखा. पण त्याला पीडब्ल्यूएम खणांचा, म्हणजे सर्व्हो थेट जोडता येणारा, ईआर६सारखा रिसीव्हर लागतो. ड्रोनसाठीचे नखाएवढे रिसीव्हर स्वस्त दिसतात, पण त्यात सर्व्हो थेट जोडता येत नाहीत. परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नये. रेडिओ उपकरणाला ईटीए (उपकरणाच्या प्रकाराची सरकारी मंजुरी) नसेल तर कस्टम्समध्ये पार्सल अडकतं, आणि ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या, तयार किंवा सुट्या भागांच्या किटच्याही, आयातीवर बंदी आहे. सुटे घटक त्यात येत नाहीत, पण पार्सल कोणत्या नावाखाली येतं त्यावर आपला ताबा नसतो.

उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा बघावा. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, ५ ते ८ मध्ये जमिनीपासूनच परवानगी लागते. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराला लागून असल्याने पश्चिमेकडची बरीचशी मैदानं यात अडकतात, आणि महूच्या बाजूला लष्कराचा भाग आहे.

खराब झालेल्या दोन्ही लिपो मुलाकडे परत ठेवल्या नाहीत. खोली सोडताना त्या कोपऱ्यात राहतात आणि कुणीतरी चार्जला लावतं. गच्चीवर विटेवर ठेवून गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब एकेका बॅटरीला लावला आणि तासा-दीड तासात तो विझेपर्यंत शेजारी बसून राहिलो. बल्ब एक दिवस तसाच जोडलेला ठेवला, मीटरवर शून्याजवळ आल्यावर वायरी एकेक करून कापल्या, टोकांना टेप लावली. सकाळी महापालिकेची कचरागाडी आली तेव्हा ओल्या-सुक्यात न टाकता, बॅटरी आहे असं सांगून ई-कचऱ्याच्या खणात दिल्या.